पगार अमेरिकन, चेहरा मराठी

ताई, मी न्यू जर्सीतल्या एडिसनची. जन्म ठाण्याचा, पण सहाव्या वर्षी आईबाबांबरोबर इकडे आले. शाळा-कॉलेज इथेच, पासपोर्टही अमेरिकेचा. वय ३१, लग्न झालेलं नाही. आठ वर्षं इथल्या पब्लिक स्कूलमध्ये तिसरीला शिकवतेय. आता कुवेतमधल्या एका अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळेने दोन वर्षांचा करार पाठवलाय. राहायला फ्लॅट, दरवर्षी विमानाचं तिकीट आणि पगार करमुक्त, असं सांगतात. मला जावंसं वाटतंय. आईने मात्र अन्न सोडलंय. तिचा भाऊ कुवेतला होता, १९९० च्या सप्टेंबरात एका बॅगेनिशी परत आला. ती म्हणते, "लोक नाइलाज म्हणून गल्फला जातात, तू अमेरिकेतून उलटी कुठे निघालीस?" दुसरं म्हणजे, व्हिडिओवरच्या मुलाखतीत मुख्याध्यापकांनी दोनदा विचारलं, "तुमची पहिली भाषा इंग्रजीच ना?" आणि शेवटी हसून म्हणाले, "पालकांना जरा आश्चर्य वाटेल, पण आम्ही सांभाळून घेऊ." ते वाक्य डोक्यातून जात नाहीये. मी तिथे अमेरिकन म्हणून जाणार की भारतीय म्हणून? रोजचं जगणं कसं असतं? कपडे, एकटं राहणं, मुलं, पैसे, सगळंच सांगा.

— सही करू की नको, एडिसन

प्रिय एडिसनकर,

कपड्यांचं आधी उरकते, कारण त्यात फारसं काही नाही. कुवेतमध्ये परदेशी बाईला अबाया घालावा लागत नाही, डोकं झाकावं लागत नाही. खांदे आणि गुडघे झाकले की झालं. शाळेत त्याहून जरा सैल आणि लांब. चार-सहा चांगले सुती कुर्ते घे, दोन वर्षं निघतील. दारू आणि डुकराचं मांस देशात पूर्ण बंद आहे, मोठ्या हॉटेलातसुद्धा, तेव्हा कुणासाठी भेट म्हणूनही बाटली बॅगेत नको. एकटीने राहण्याची मला तरी कधी भीती वाटली नाही. नवरा महिना-महिना साइटवर असायचा, आणि रात्री अकरा वाजता सालमियाच्या रस्त्यावर बायकामुलं आइस्क्रीम खात फिरत असायची. घाबरायचंच असेल तर मोटारींना घाबर. तिथली पोरं गाडी चालवत नाहीत, सोडतात.

आता मुद्द्याचं.

मी २००९ ते २०१८ कुवेतमध्ये गणित शिकवलं, तुला बोलावतेय तशाच एका शाळेत. तुझ्यामाझ्यात फरक एवढाच की पासपोर्ट दोघींचेही निळे, पण माझ्यावर अशोकस्तंभ होता आणि तुझ्यावर गरुड आहे. त्या दोन चित्रांमधलं अंतर किती असतं ते तुझ्या मुख्याध्यापकांनी तुला हसत हसत सांगितलं. मी जरा सविस्तर सांगते.

अशा शाळांत पगाराचे तीन मजले असतात. वर 'ओव्हरसीज हायर', म्हणजे अमेरिका, कॅनडा, ब्रिटनहून आणलेले. त्यांना फ्लॅट, तिकीट, विमा. मधे लेबनीज, इजिप्शियन, जॉर्डनी शिक्षक. खाली आम्ही 'लोकल हायर', नवऱ्याच्या नोकरीमुळे आधीच कुवेतमध्ये असलेल्या भारतीय, पाकिस्तानी, फिलिपिनो बायका. वर्ग तोच, पुस्तक तेच, घंटा तीच.

२०११ मधली गोष्ट. चाचणीच्या प्रती काढायला झेरॉक्सच्या खोलीत गेले तर मशीनच्या काचेवर कुणीतरी कागद विसरलेला. उचलून पाहिला तर माझ्या शेजारच्या वर्गातल्या ओहायोच्या बाईचा करार. तीही सातवीला गणितच शिकवायची. मी एम.एस्सी., बी.एड., पुण्यात अकरा वर्षं शिकवून गेलेले. तिची नोकरीची वर्षं माझ्या निम्मीसुद्धा नव्हती. आकडा वाचला. माझ्या अडीचपट, वर घर. कागद पालथा घालून ठेवला, प्रती काढल्या, वर्गात गेले आणि त्या तासाला एका पोराला काही कारण नसताना झापलं. पुढे दोन महिने त्या बाईशी 'गुड मॉर्निंग'पलीकडे बोलले नाही. तिला बिचारीला आपण काय केलं तेही ठाऊक नव्हतं.

मग मे महिन्यातली एक दुपार. शाळा सुटल्यावर बसपाशी उभं राहून पोरं मोजून चढवायची, ही बस ड्युटी. डांबर चपलेतून पोळतं. ती पाण्याची बाटली घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, तुझी ड्युटी दर आठवड्याला कशी काय येते? झालं. माझा बांध फुटला. यादीत फक्त आमचीच नावं असतात, घरभाडं आम्ही खिशातून भरतो, तुझा आकडा मी पाहिलाय, सगळं बोलून टाकलं. ती माफीबिफी मागत बसली नाही. "मला माहीत नव्हतं," एवढंच म्हणाली. पुढच्या रविवारी नोटीस बोर्डावरच्या छापील यादीत, मंगळवारच्या रकान्यात, तिने पेनाने स्वतःचं नाव घातलेलं होतं. माझा पगार एका फिल्सने वाढला नाही. पण आम्ही बोलायला लागलो, ते अजून बोलतो.

तू जाशील तेव्हा ती ओहायोची बाई तू असशील, आणि चेहरा माझा असेल. म्हणून तुला जास्त जपून राहावं लागेल. गोऱ्या बाईला जास्त पगार मिळतो हे स्टाफरूममधल्या भारतीय बायकांनी कधीच गिळलेलं असतं. आपल्यासारखीच दिसणारी, वरणभात खाणारी, वयाने धाकटी मुलगी येते आणि तिला तो पगार मिळतो, हे गिळायला वेळ लागतो. पहिले काही महिने थंडपणा जाणवला तर मनाला लावून घेऊ नकोस. 'आपण सगळ्या सारख्याच' असलं काही बोलू नकोस. सारख्या नसतो, आणि ते त्यांना दर महिन्याच्या शेवटी कळतं. फ्लॅटचा एसी आवाज करतो, तिकीट सोयीच्या विमानाचं दिलं नाही, या तक्रारी घरी आईला फोनवर सांग, स्टाफरूममध्ये नको. पगार कुणी विचारलाच तर खोटं बोलू नकोस, आकडाही म्हणून दाखवू नकोस. आणि एक बारीक गोष्ट: मीटिंगमध्ये भारतीय बाईने मांडलेली सूचना हवेत विरते, तीच अमेरिकन उच्चारात दहा मिनिटांनी कुणी मांडली की टाळ्या पडतात. तो उच्चार तुझ्याकडे आहे. सूचना मूळ कुणाची हे त्याच मीटिंगमध्ये मोठ्याने सांगायचं. याला काही खर्च नाही.

आता पालक. आमच्याकडे शिकागोची एक मुलगी होती, आईवडील मूळचे हैदराबादचे. पहिल्याच आठवड्यात दोन आया ऑफिसात हजर. आम्ही अमेरिकन शिक्षिकेचे पैसे भरले, ही तर हिंदी दिसते! (तिथे भारतीयाला 'हिंदी'च म्हणतात.) मुख्याध्यापकांनी काय करावं? तिलाच बोलावून सांगितलं, तुम्ही कुठल्या ते जरा सांगा यांना. ती म्हणाली, शिकागो. त्यातली एक आई म्हणाली, हो, पण त्याच्या आधी? तिचा चेहरा मला अजून आठवतो. चूक पालकांची होतीच, पण मोठी चूक त्या खुर्चीची. तिथून एक वाक्य यायला हवं होतं: या आमच्या शिक्षिका आहेत, परवाना यांच्याकडे आहे, विषय संपला.

म्हणून सहीआधी तुझ्या मुख्याध्यापकांना एक मेल लिही. गोड, दोन ओळींचा. मुलाखतीत तुम्ही पालकांच्या आश्चर्याबद्दल बोललात. अशी तक्रार आलीच तर शाळा त्यांना काय उत्तर देते, ते मला कळेल का? उत्तरात "आम्ही शिक्षिकेच्या पाठीशी असतो" अशा अर्थाचं स्वच्छ काही आलं तर ठीक. "काळजी करू नका, सगळं होतं" असं आलं तर ते 'होणार' तुझ्याकडूनच होणार आहे, असं समज.

पण त्या शिकागोच्या मुलीची गोष्ट तिथे संपत नाही. पालकसभेला एका मुलाची आजी आली, काळ्या अबायातली, काठी टेकत. तिने हिला नीट न्याहाळलं आणि चक्क हिंदीत विचारलं, "तुम बंबई से?" आजीचं लहानपण मुंबईत गेलेलं, बाप मोत्यांचा व्यापारी. तेल सापडायच्या आधी कुवेती व्यापाऱ्यांचं दुसरं घर मुंबईच होतं. १९६१ पर्यंत कुवेतमध्ये रुपयाच चालायचा, आणि मरीन ड्राइव्हवर अल सबाह कोर्ट नावाची इमारत आजही उभी आहे, कुवेतच्या राजघराण्याची. म्हाताऱ्या कुवेती माणसांच्या बोलीत पंख्याला 'बांका' म्हणतात आणि बुटाला 'जूती'. ती आजी पुढे दर सभेला यायची, नातवाची प्रगती राहिली बाजूला, हिच्याशी हिंदी बोलायला. हिचं हिंदी यथातथाच होतं, आजीचं जास्त चांगलं. त्या घरातून तक्रार परत कधी आली नाही.

तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: करारावर तू अमेरिकन, सिव्हिल आयडीवर, म्हणजे तिथल्या सरकारी ओळखपत्रावर, अमेरिकन, आणि रस्त्यावर भारतीय. टॅक्सीवाला, मॉलमधला पहारेकरी, सरकारी खिडकीवरचा कारकून तुझ्याशी आधी भारतीय समजून वागतील. कार्ड दाखवलंस की आवाज बदलेल, 'मॅडम' होशील. हा बदल कानाने ऐकणं फार विचित्र असतं. शिकागोची मुलगी सांगायची, पहिल्या महिन्यात मी मुद्दाम मोठ्याने अमेरिकन बोलायचे. सहाव्या महिन्यात मला स्वतःचीच लाज वाटायला लागली.

आणि तुझ्याकडे आपली म्हणून येतील ती माणसं वेगळी. मुलांना सोडायला येणारे ड्रायव्हर, दप्तरं उचलणाऱ्या आया, शाळेतला फर्राश. फर्राश म्हणजे शिपाई, चहा करणारा, फळा पुसणारा. आपल्या पुण्याच्या फरासखान्यातला फरास तोच. माझ्या वर्गातल्या एका मुलाचा ड्रायव्हर दापोलीचा होता. गेटवर एकदा मी फोनवर मराठी बोलत होते, तर हा गाडीतून उतरून आला, "बाई, तुम्ही आपल्याकडच्या?" नंतर तो त्याचे कागद घेऊन यायचा. अरबीतले असले तर मलाही कळायचे नाहीत, मग अरबीच्या बाईंकडे नेऊन वाचून घ्यायचे. कोकणातली कितीतरी घरं या गल्फवर उभी राहिली आहेत, हे तुला एडिसनमध्ये बसून दिसलं नसेल. कुवेतमध्ये भारतीयच जवळपास दहा लाख आहेत. त्यातले बहुतेक तुझ्या फ्लॅटच्या इमारतीत राहत नाहीत, ती इमारत झाडतात.

रोजचा दिवस सांगते. आठवडा रविवार ते गुरुवार. पहाटे साडेपाचला उठायचं, सहा-सव्वासहाला इमारतीखाली शिक्षकांची बस. सातच्या आसपास प्रार्थना, राष्ट्रगीत, मग वर्ग. दोन-अडीचला सुटका. घरी येऊन एसी लावून दोन तास झोप, कारण बाहेर जाण्यात अर्थ नसतो. खरं आयुष्य सूर्यास्तानंतर सुरू होतं. मुबारकियाच्या जुन्या बाजारात केशर, खजूर, मासळी. सालमियात समुद्राकाठी चालणं. कंटाळा आला की तलबात नावाच्या अ‍ॅपवरून काहीही घरपोच. गोडा मसाला मात्र घरून ने. शुक्रवारी सकाळी शहर मेल्यासारखं शांत असतं. मेपासून उन्हाचं काही सांगूच नको; मित्रिबाह नावाच्या ठिकाणी जुलै २०१६ मध्ये ५३.९ अंश नोंदले गेले, तेव्हा मी नेमकी सुट्टीला पुण्यात होते आणि पावसाने वैतागले होते. उन्हापेक्षा मला धुळीने जास्त छळलं. 'तोज' येतो तेव्हा दुपारी तीनला आकाश नारिंगी होतं, खिडक्या बंद असून दातांखाली वाळू येते.

मुलं? मुलं लाघवी असतात आणि गोंगाट करणारी. "मिस! मिस! मिस!" दिवसभर. दप्तर उचलायची सवय नसते, कारण उचलायला कुणीतरी असतं. तिसरीच्या वर्गात पहिला महिना फक्त स्वतःची पेन्सिल स्वतः शोधायला शिकवण्यात घालव. फटकळपणे बोललीस तर मुलाला घरची अब्रू गेल्यासारखं वाटतं, बाजूला घेऊन सांगितलंस तर तेच मूल तुझ्यासाठी जीव टाकेल. सुट्टीच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा वर्ग अर्धा रिकामा, चिडू नकोस. पालकांचं "इन्शाल्ला" नीट ऐकायला शीक. सुरावरून कळतं, 'हो' आहे की आपल्याकडचं "बघू या". 'वास्ता' हा शब्द पहिल्या आठवड्यातच कानावर येईल. आपला वशिलाच तो. वर्षाच्या शेवटी कुणाच्या तरी वास्त्यामुळे तुझ्या वहीतले ६२ गुण प्रगतिपुस्तकात ७५ झालेले दिसतील. माझ्याबाबतीत दोनदा झालं. पहिल्यांदा भांडले, दुसऱ्यांदा माझ्या गुणांची प्रत सहीतारखेनिशी स्वतःकडे ठेवली आणि गप्प बसले. तू काय करावंस हे मी सांगणार नाही. प्रत मात्र ठेव.

पुस्तकं वरून तपासली जातात. नकाशातलं इस्रायल काळ्या मार्करने खोडलेलं असेल, डुकराच्या गोष्टीचं पान चिकटवलेलं असेल. यावर वर्गात शेरेबाजी नको. गाझाचं विचारतील, विशेषतः तू अमेरिकन म्हटल्यावर. आठ वर्षांचं मूल विचारेल, "मिस, तुमचा देश बॉम्ब का देतो?" त्याच्या घरी टीव्ही चोवीस तास चालू आहे, शेजारच्या बाकावरच्या मुलाचे नातेवाईक कदाचित तिकडेच आहेत. वाद घालू नकोस, सरकारचं वकीलपत्रही घेऊ नकोस. "मला पण वाईट वाटतं," हे खरं असेल तर तेवढं सांग आणि मूल काय म्हणतंय ते ऐक.

रमजानमध्ये शाळा उशिरा भरते, लवकर सुटते. सार्वजनिक ठिकाणी दिवसा खाणंपिणं हा गुन्हा आहे, मुस्लिम असो-नसो, १०० दिनारपर्यंत दंड किंवा महिनाभरापर्यंत कैद. गाडीत पाण्याचा घोटसुद्धा नको. पण रमजानच्या मध्यावर गरगियान येतं, मुलं जरीचे कपडे घालून पिशव्या गळ्यात अडकवून दारोदार गाणी म्हणत सुकामेवा आणि गोळ्या गोळा करतात. त्या दिवशी वर्गात शिकवायचा विचारसुद्धा करू नकोस. पिशवी घेऊन बस.

पैशांबद्दल तुला शाळेने अर्धंच सांगितलंय. कुवेत कर घेत नाही, हे खरं. पण अमेरिका आपल्या नागरिकाला जगात कुठेही सोडत नाही. विवरणपत्र दरवर्षी भरावंच लागेल. परदेशातल्या कमाईवर सूट आहे, २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत, आणि शिक्षिकेचा पगार तिथवर काही पोचत नाही. मात्र ती सूट आपोआप मिळत नाही. फॉर्म २५५५ भरायचा आणि सलग बारा महिन्यांत ३३० पूर्ण दिवस परदेशात होतीस हे दाखवायचं. इथेच पोरी फसतात. उन्हाळ्याची सुट्टी दोन महिन्यांहून जास्त, ती सगळी एडिसनला काढलीस की ३३० चं गणित कोसळलं. परदेशात पूर्ण कॅलेंडर वर्ष कायमचं वास्तव्य दाखवण्याचा दुसरा मार्ग आहे, पण पहिल्या वर्षी तो हाताशी नसतो. सोपा उपाय ऐक: एडिसनला तीन-चार आठवडे जा, उरलेली सुट्टी ठाण्याला काढ. भारतातले दिवस परदेशातलेच धरतात! शिवाय कुवेतच्या बँकेत आणि इतर परदेशी खात्यांत मिळून वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर शिल्लक गेली, तर त्याची वेगळी माहिती द्यावी लागते. एका दिनारला सव्वातीन डॉलरच्या आसपास मिळतात, तेव्हा ती रेघ तुला वाटते त्याआधी ओलांडली जाईल.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. न्यू जर्सीच्या शिक्षक पेन्शनचा हक्क पक्का व्हायला दहा वर्षांची नोकरी लागते. तुझी आठ झालीत. सोशल सिक्युरिटीला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे तुझी ३२ च्या आसपास. कुवेतच्या शाळेच्या पगारातून यात काहीही जमा होणार नाही, आणि तिथली वर्षं इथे धरावीत असा दोन देशांत करारही नाही. राजीनामा देऊन गेलीस तर नोकरीची कायमस्वरूपी हमीही गेली. तेव्हा राजीनामा नको. तुझ्या आत्ताच्या शाळेच्या बोर्डाकडे दोन वर्षांची बिनपगारी रजा माग, नाही मिळाली तर एक वर्षाची माग, आणि रजेत पेन्शन खातं किती काळ चालू राहतं हे पेन्शन कार्यालयाकडून लेखी घे. हे उत्तर हातात आल्याशिवाय कुवेतच्या कागदाला पेन लावू नकोस. बाकी सगळं माझं मत आहे, हे मात्र मी तुझी आई असते तर हुकूम म्हणून सांगितलं असतं.

करारात काय बघायचं? मुदतीचा करार मधेच मोडलास तर शाळा भरपाई मागू शकते. रातोरात विमान पकडून पळणाऱ्या शिक्षकांना तिथे 'रनर' म्हणतात, डिसेंबरच्या सुट्टीनंतर दरवर्षी एक-दोन खुर्च्या रिकाम्या असायच्या. तसं करू नकोस. फरार म्हणून नोंद झाली की परतीची वाट बंद. नोकरी संपताना 'इंडेम्निटी' मिळते, पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला १५ दिवसांचा पगार. मुदत पूर्ण करून निघालीस तर ती पूर्ण मिळायला हवी, करारात तसं लिहिलंय का बघ. पासपोर्ट शाळेने ठेवून घेणं बेकायदा आहे. इकाम्याच्या, म्हणजे राहण्याच्या परवान्याच्या, कामासाठी मंदूबने नेलाच तर काम झाल्यावर परत माग. मंदूब म्हणजे सरकारी कचेऱ्यांत शाळेची कामं करणारा माणूस. मुख्याध्यापकांपेक्षा त्याच्याशी गोड राहा. घरी शिकवण्या घेऊ नकोस, पालक कितीही दिनार पुढे करोत. ज्याच्या व्हिसावर आहेस त्याला सोडून परवानगीशिवाय दुसरीकडे कमावणं म्हणजे देशाबाहेर. कर्ज किंवा कार्डाची उधारी थकवून विमानतळावर गेलीस तर तिथून परत पाठवू शकतात.

पदवीचे कागद आत्ताच काढ. कुवेतला अपोस्टिल, म्हणजे बऱ्याच देशांत चालणारा एकच शिक्का, चालत नाही. नोटरी, राज्य सरकार, वॉशिंग्टनचं परराष्ट्र खातं आणि कुवेतचा दूतावास, अशी शिक्क्यांची रांग आहे, आणि त्यात आठवडे जातात. गुन्ह्याची नोंद नसल्याचा एफबीआयचा दाखलाही लागतो. वैद्यकीय तपासणीत छातीचा एक्स-रे असतो. लहानपणी ठाण्यात कधी क्षयाचे उपचार झाले होते का, हे आईला विचारून घे, जुना डागसुद्धा अडवतो.

राहिली आई. तुझी आई काही वेडी नाही. २ ऑगस्ट १९९० ला इराकी रणगाडे आले तेव्हा कुवेतमधल्या भारतीयांची दिनारातली बचत एका रात्रीत कागद झाली. माणसं बसने, ट्रकने इराकमार्गे जॉर्डनच्या अम्मानला पोचली आणि तिथून एअर इंडियाच्या विमानांनी जवळजवळ दोन महिने लोक मुंबईला आणले, सुमारे पावणेदोन लाख. तुझा मामा त्यातला एक. त्या घरातल्या बहिणीला 'कुवेत' म्हटलं की ती बॅगच दिसणार. तिला आकडे आणि सुरक्षिततेच्या गोष्टी सांगून काही होणार नाही. परदेशातल्या अमेरिकनांची नोंद ठेवणाऱ्या दूतावासाच्या स्टेप योजनेत नाव नोंदव, परराष्ट्र खात्याची प्रवाससूचना निघायच्या आदल्या आठवड्यात परत वाच, आणि हे दोन्ही करतेस एवढं तिला सांग. कुवेतबद्दल मात्र मामालाच बोलू दे. स्पीकरवर फोन लाव, आईला शेजारी बसव आणि विचार, तो कुठे राहायचा, कामावर कसा जायचा, जेवायला कुठे जायचा, दोन ऑगस्टच्या आधीची गोष्ट सांग म्हणावं. ती कुणीच त्याला विचारलेली नसते.

शाळेकडून सहीसाठी दोन आठवड्यांची मुदत मागून घे, बहुतेक देतात. तोवर पेन्शन कार्यालयाचं आणि कुवेतच्या मुख्याध्यापकांचं, दोन्ही उत्तरं येतील. काय आलं ते मला कळव.

तुझी,
ताई